घरातल्या वस्तू कुरतडणारा कुत्रा : कारण ओळखण्यापासून सवय वळवण्यापर्यंत

कुत्र्याने चपलेचा पट्टा तोडला, उशीतला कापूस खोलीभर केला किंवा टेबलाचा पाय कुरतडून बारीक केला, की घरात सगळ्यांत आधी राग येतो, आणि तो समजण्यासारखा आहे. मात्र हा प्रश्न सोडवायचा असेल तर विचाराची सुरुवात कुत्र्याच्या बाजूने करावी लागते. आपण एखादी वस्तू हातात घेऊन उलटसुलट करून पाहतो, तशी कुत्रा ती तोंडात घेऊन पाहतो. चघळण्याने त्याच्या जबड्याला काम मिळते, दातांवरचा थर काही प्रमाणात निघतो, वेळ जातो आणि मन शांत होते. त्यामुळे चावणे अजिबात बंद करू असे ठरवले तर हाती निराशाच येते. काय चावायचे आणि काय सोडायचे हे शिकवू असे ठरवले तर बहुतेक घरांत काही आठवड्यांत फरक दिसू लागतो. पुढचा क्रम त्याच विचाराने लावला आहे आणि त्यातली पहिली पायरी, जी बहुतेक जण गाळतात, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

पहिली पायरी : आठवडाभर नोंद ठेवा

एक लहान वही घ्यावी आणि प्रत्येक प्रसंग लिहून ठेवावा. कोणती वस्तू, घरातली कोणती जागा, किती वाजता, त्या वेळी घरात कोण होते, कुत्रा त्याआधी कधी जेवला होता, कधी फिरून आला होता, आणि वस्तू नुसती फाडली की तिचे तुकडे गिळलेही, एवढे त्यात आले पाहिजे. यातली शेवटची नोंद कधीही चुकवू नये, कारण फाडणारा कुत्रा घराचे नुकसान करतो, तर गिळणाऱ्या कुत्र्याच्या जिवालाच धोका असतो. उरलेले तुकडे जमिनीवर मांडून मूळ वस्तूच्या आकाराप्रमाणे जुळवून पाहिले की किती भाग कमी आहे ते कळते.

माझ्याकडच्या पहिल्या पिल्लाने जेवणाच्या खुर्चीचे दोन पाय कुरतडले, तेव्हा आम्ही सगळे उपाय खुर्चीवरच करत राहिलो. नोंद ठेवू लागल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात आले की हे नेहमी संध्याकाळी ६ ते ७ च्या दरम्यान घडते. दुपारभर झोपून पिल्लू ताजेतवाने झालेले असे आणि घरातली माणसे नेमकी त्याच वेळी आपापल्या कामात बुडालेली असत. फिरायला नेण्याची वेळ साडेपाचवर आणली, परत आल्यावर चघळायला काही द्यायला सुरुवात केली, आणि खुर्ची कुरतडणे आठवडाभरात थांबले.

नोंदी वाचताना काही खुणा शोधाव्यात. सहा-सात महिन्यांच्या आतले पिल्लू दिसेल त्या कडेवर दात घासत असेल, तर ते बहुधा दात येण्याचे दुखणे असते. कुरतडणे फक्त घरात कोणी नसतानाच होत असेल आणि ओरखडे मुख्यतः दार, चौकट व खिडकीपाशी असतील, तर एकटेपणाच्या भीतीची शंका घ्यावी. उलट कुत्रा तुमच्या समोर येऊन, तुमच्याकडे पाहत मोजा तोंडात धरत असेल, तर त्याला मोज्यापेक्षा तुम्ही हवे आहात. ढगांचा गडगडाट किंवा फटाक्यांचा आवाज झाल्यावरच नासधूस होत असेल, तर मूळ भीतीत आहे. गालिच्याचा किंवा सोफ्याचा एकच कोपरा पुन्हापुन्हा उकरला जात असेल, तर आधी तो कोपरा उचलून पाहावा. खाली अन्नाचे कण सांडलेले असणे किंवा एखादा प्राणी वावरत असणे अगदी शक्य आहे. आणि आयुष्यभर शहाण्यासारखा वागलेला वयस्क कुत्रा अचानक वस्तू कुरतडू लागला, तर शिकवणीच्या मागे लागण्याआधी त्याला पशुवैद्याकडे न्यावे. दातांचे दुखणे, पोटाचा त्रास किंवा उतारवयातला मेंदूचा गोंधळ अशा रूपात प्रकट होतो.

वय आणि दात

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. ते साधारण तिसऱ्या आठवड्यापासून येऊ लागतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पडायला सुरुवात होते आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत त्यांच्या जागी ४२ कायमचे दात आलेले असतात. या काळात हिरड्या सुजतात, खेळण्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात आणि एखादा इवलासा दात जमिनीवर सापडतो. यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र सात महिने उलटूनही दुधाचा सुळा कायमच्या सुळ्याशेजारी तसाच उभा असेल, तर तो पशुवैद्याला दाखवावा.

दात आले की कुरतडणे आपोआप संपेल, ही अपेक्षा अनेकांना फसवते. त्यानंतर कुमारवय येते, जे लहान चणीच्या कुत्र्यांमध्ये वर्षभरात आणि मोठ्या चणीच्यांमध्ये दीड-दोन वर्षांपर्यंत चालते. या वयात जबड्यात ताकद आलेली असते, अंगात रग असते आणि संयम मात्र अजून यायचा असतो. पिल्लू दोन महिन्यांत जेवढे नुकसान करते तेवढे असा कुत्रा एका दुपारीत करू शकतो. म्हणून पुढच्या पायऱ्या किमान वय वर्षे दीडपर्यंत पाळायच्या आहेत, असे मनाशी धरूनच सुरुवात करावी.

दुसरी पायरी : घर कुत्र्याच्या उंचीवरून आवरा

चुकीची वस्तू चावण्याची प्रत्येक संधी म्हणजे त्या सवयीचा सराव असतो. सोफ्याच्या आतला मऊ स्पंज ओढून काढण्यात इतकी मजा असते की त्यासाठी वेगळ्या बक्षिसाची गरजच नसते, आणि एकदा ती मजा कळली की शिकवणी कितीही चांगली असली तरी ती मागे पडते. त्यामुळे शिकवायला सुरुवात करण्याआधी संधी बंद कराव्यात.

प्रत्येक खोलीत गुडघ्यांवर बसून, डोके कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर आणून पाहावे. उभे राहून न दिसलेल्या किती तरी वस्तू तेव्हा दिसतात. पलंगाखाली लोंबणारी चार्जरची वायर, टीपॉयच्या खालच्या फळीवरचा रिमोट, अर्धवट उघडा कपडे धुण्याचा डबा, मुलांच्या खेळण्यांचे बारीक भाग. चपला-बूट दाराच्या कपाटात, मळके कपडे झाकणाच्या डब्यात, कचऱ्याची टोपली बंद कपाटात किंवा बंद दाराआड आणि वायरी फर्निचरमागे किंवा कडक नळीतून नेलेल्या असाव्यात. मोजे, आतले कपडे, चष्मा, रिमोट या वस्तूंचे आकर्षण त्यांना लागलेल्या माणसाच्या वासामुळे असते. कुत्रा त्या सूड म्हणून निवडत नाही, त्याला त्या ओळखीच्या आणि जवळच्या वाटतात.

काही वस्तू केवळ महाग नसून घातक असतात आणि त्यांच्या बाबतीत ‘लक्ष ठेवू’ हा उपाय पुरेसा नाही. गोल बटणासारख्या बॅटऱ्या अन्ननलिकेत अडकल्यास काही तासांत आतून भाजल्यासारखी खोल जखम करतात. सुई-दोरा, रिबन, लांब धागे व मोजे आतड्यात अडकतात, आणि धागा ताणला गेला तर आतडे चिरलेही जाते. माणसांची वेदनाशामक औषधे, उंदीर मारण्याचे विष, डांबर गोळ्या, चॉकलेट, द्राक्षे व मनुका, कांदा-लसूण, तसेच झायलिटॉल हे गोडी आणणारे द्रव्य असलेली च्युइंग गम, ही सगळी कुत्र्यासाठी विषासमान आहेत. लाकूड चिकटवण्याचे काही फुगणारे डिंक पोटात गेल्यावर फुगून दगडासारखे घट्ट होतात. कुंडीतल्या झाडांपैकी कण्हेर व सायकस अतिशय विषारी आहेत, तर मनी प्लांट आणि डायफेनबेकिया यांची पाने चावल्यास तोंडाची व जिभेची तीव्र आग होते.

जे आवरता येत नाही, उदाहरणार्थ सोफा किंवा लाकडी कपाट, तिथे वस्तूऐवजी कुत्र्याची जागा ठरवावी. लहान मुलांसाठी वापरतात तसे दारात बसवायचे फाटक, पिल्लासाठी जाळीचे कुंपण, किंवा ज्याची हळूहळू आणि प्रेमाने सवय लावली आहे असा क्रेट, म्हणजे कुत्र्याला आत निवांत झोपता येईल असा पिंजरा, यांपैकी जे जमेल ते वापरावे. तुम्ही घरात असाल तेव्हा दीड-दोन मीटरची हलकी दोरी त्याच्या पट्ट्याला बांधून दुसरे टोक स्वतःच्या कमरेला अडकवणे हा मला फार उपयोगी वाटलेला उपाय आहे, कारण त्यामुळे कुत्रा नजरेआड जात नाही आणि सारखे ‘नाही, नाही’ म्हणावे लागत नाही. क्रेटचा वापर शिक्षा म्हणून कधीही करू नये, आणि एकटेपणाने घाबरणाऱ्या कुत्र्याला तर त्यात मुळीच कोंडू नये. असे कुत्रे सुटकेच्या धडपडीत दात आणि नखे तोडून घेतात.

तिसरी पायरी : चघळायला योग्य वस्तू द्या

घर आवरले आणि कुत्र्याच्या तोंडाला काहीच काम ठेवले नाही, तर तो काम शोधून काढेल. म्हणून दुसरी आणि तिसरी पायरी एकाच दिवशी सुरू करावी.

वस्तू निवडताना पहिली कसोटी कठीणपणाची. अंगठ्याचे नख त्यावर दाबले असता थोडीशी खूण उमटली पाहिजे. नख अजिबात रुतत नसेल, तर ती वस्तू दातांसाठी धोकादायक समजावी. हाडे, शिंगे आणि खूर यांवर जोर लावताना वरची मोठी दाढ कपच्या निघून फुटते, आणि तो दात पुढे काढावा लागू शकतो. शिजवलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे होतात, ते कधीही देऊ नयेत. दुसरी कसोटी आकाराची. वस्तू कुत्र्याच्या दाढांच्या मागे सरकू शकणार नाही एवढी मोठी हवी, आणि चघळून ती लहान झाली की काढून घ्यावी. तिसरी कसोटी कुत्र्याच्या स्वभावाची आहे, आणि दुकानातल्या वेष्टनावर ती लिहिलेली नसते. काही कुत्र्यांना नुसते तोंडात धरून फिरायला आवडते, काहींना शांतपणे चघळत बसायला आवडते, आणि काहींना फाडून आत काय आहे ते पाहायचेच असते. फाडणाऱ्या कुत्र्याला शिट्टी असलेले कापडी खेळणे दिले तर पाच मिनिटांत शिट्टी त्याच्या पोटात जाऊ शकते. त्याला पुठ्ठ्याचा रिकामा खोका द्यावा. त्याच्या स्टेपलच्या पिना, चिकटपट्टी आणि प्लॅस्टिक आधी काढून टाकावे, आत कागदाच्या बोळ्यांमध्ये थोडा खाऊ लपवावा आणि समोर बसून त्याला तो फाडू द्यावा. पुठ्ठा गिळणाऱ्या कुत्र्याला मात्र हा खेळ देऊ नये.

सर्वाधिक उपयोग होतो तो आतून पोकळ असलेल्या जाड रबरी खेळण्याचा. त्यात कुत्र्याच्या रोजच्या जेवणातलाच भाग भरावा. पहिल्या काही वेळा सैल भरावा, म्हणजे खाऊ चटकन बाहेर येतो आणि त्याला गोडी लागते. नंतर हळूहळू घट्ट भरावा आणि शेवटी भरलेले खेळणे बर्फाच्या कप्प्यात गोठवून द्यावे. गोठवलेले खेळणे एखाद्या कुत्र्याला अर्धा तास सहज गुंतवते, आणि दात येणाऱ्या पिल्लाच्या हिरड्यांना थंडावाही देते. शेंगदाण्याचे बटर वापरायचे असल्यास त्यात झायलिटॉल नाही याची वेष्टनावर खात्री करून घ्यावी. असा खाऊ रोजच्या आहारातून वजा करावा. जेवणाव्यतिरिक्तचा सगळा खाऊ मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या एक दशांशापेक्षा जास्त नसावा.

खेळणी सगळी एकदम जमिनीवर पसरून ठेवू नयेत. आठ-दहा खेळणी असतील तर तीन-चार बाहेर ठेवून उरलेली कपाटात ठेवावीत आणि दर दोन-तीन दिवसांनी बदलावीत. कपाटातून परत आलेले खेळणे नव्यासारखे वाटते. आणि जुनी चप्पल, फाटका मोजा किंवा निकामी टॉवेल खेळणे म्हणून देण्याचा मोह टाळावा. जुनी चप्पल आपली आणि नवी मालकाची, हा भेद कुत्र्याला कळण्याचा कोणताही मार्ग नाही, दोन्हींचा वास आणि स्पर्श त्याला सारखाच लागतो.

कुत्रा आपणहून योग्य वस्तू चघळत बसला असेल तेव्हा बहुतेक घरांत त्याच्याकडे कोणी पाहत नाही, आणि तो चप्पल उचलतो तेव्हा सगळे धावतात. हे उलटे करायला हवे. तो आपल्या खेळण्याशी शांत बसला असेल तेव्हा जाता-जाता हळू आवाजात शाबासकी द्यावी किंवा खाऊचा एक कण त्याच्यापुढे ठेवावा.

चौथी पायरी : चुकीची वस्तू तोंडात दिसली तर

सर्वप्रथम, धावू नये. तुम्ही धावलात की कुत्रा पळतो, आणि पाठलाग हा त्याच्या दृष्टीने घरातला सर्वोत्तम खेळ ठरतो. ओरडू नये, आणि जबडा उघडून वस्तू हिसकावून घेऊ नये. वारंवार हिसकावलेला कुत्रा दोनच गोष्टी शिकतो. एक म्हणजे वस्तू घेऊन पलंगाखाली जाणे आणि दुसरी म्हणजे चटकन गिळून टाकणे. काही कुत्रे यातूनच गुरगुरायला लागतात.

त्याऐवजी अदलाबदल करावी. वासाने ओढ लागेल असा खाऊ घेऊन साध्या चालीने जवळ यावे, खाऊ त्याच्या नाकापाशी नेऊन जमिनीवर चार-पाच कण पसरावेत, आणि तो ते वेचत असताना वस्तू सावकाश उचलावी. मग लगेच त्याचे स्वतःचे खेळणे पुढे करावे आणि त्याने ते घेतल्यावर मनापासून कौतुक करावे. असे केल्याने चप्पल उचलल्याचे बक्षीस मिळते, अशी शंका अनेकांना येते आणि ती रास्त आहे. तिचे उत्तर दुसऱ्या पायरीत आहे. चप्पल हाताशी येतच नसेल तर हा प्रसंग दिवसातून दहा वेळा न येता आठवड्यातून एखाद्या वेळी येतो, आणि तेवढ्याने चप्पल उचलण्याची सवय लागत नाही. वस्तू माणसाला देण्यात तोटा नसतो एवढा विश्वास मात्र बसतो. तो विश्वास त्याच्या तोंडात गोळ्यांचे पाकीट असेल त्या दिवशी कामी येतो.

हा सराव अडचणीच्या प्रसंगाची वाट न पाहता रोज, शांत वेळी करावा. कुत्र्याला कमी आवडीचे खेळणे द्यावे, खाऊ नाकापाशी न्यावा, खेळणे तोंडातून सुटताक्षणी खाऊ द्यावा आणि लगेच तेच खेळणे त्याला परत करावे. चार-पाच दिवसांनी, तोंड उघडण्याच्या अगोदर ‘सोड’ हा शब्द उच्चारायला सुरुवात करावी. खाऊ आधी न दाखवता शब्दावर तोंड उघडू लागला की मग अधिक आवडीच्या वस्तूंकडे वळावे. जोडीला ‘राहू दे’ हेही शिकवावे. बंद मुठीत खाऊ धरावा, कुत्र्याने हुंगावे, चाटावे, पंजाने उकरावे, आपण काहीच बोलू नये. तो कंटाळून क्षणभर मागे सरकला की दुसऱ्या हातातून खाऊ द्यावा. पुढे मूठ उघडी ठेवून, मग जमिनीवर खाऊ ठेवून आणि शेवटी जमिनीवर मोजा ठेवून हाच धडा द्यावा. पाच मिनिटांचे दोन धडे अर्ध्या तासाच्या एका धड्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

कुत्रा वस्तू धरून ताठ झाला, डोळ्यांच्या कडेने पाहू लागला, ओठ उचलू लागला किंवा गुरगुरला, तर तिथेच थांबावे आणि मागे यावे. गुरगुरणे ही सूचना आहे. तिला शिक्षा केली तर पुढच्या वेळी सूचना न देता चावा बसतो. अशा कुत्र्यासाठी अनुभवी प्रशिक्षकाची किंवा प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास असलेल्या पशुवैद्याची मदत घ्यावी.

मागाहून केलेल्या शिक्षेबद्दल इथेच सांगायला हवे. संध्याकाळी घरी येऊन, फाटलेली उशी नाकाशी धरून रागावले तर कुत्रा त्या रागाचा संबंध तासांपूर्वीच्या कृत्याशी जोडू शकत नाही. तो तो संबंध तुमच्या घरी येण्याशी जोडतो. ‘पण त्याला कळते, त्याचे तोंड बघा किती अपराधी दिसते’ असे आपण म्हणतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच तपासले होते, आणि तो ‘अपराधी’ चेहरा कुत्र्याने खरोखर चूक केली आहे की नाही यावर अवलंबून नसून मालक रागावतो आहे की नाही यावर अवलंबून असल्याचे आढळले; मालक रागावल्यावर निर्दोष कुत्र्यांचाही चेहरा तसाच दिसला. खाली झुकवलेली मान आणि मागे वळलेले कान म्हणजे कबुली नव्हे, ती समोरचा राग शांत करण्याची धडपड असते. फाटलेली उशी उचलावी, तुकडे मोजावेत, वहीत नोंद करावी, आणि कुत्र्याशी नेहमीसारखे वागावे.

पाचवी पायरी : दिवसाची मांडणी बदला

‘कुत्र्याला दमवा, म्हणजे तो कुरतडणार नाही’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. तासभर चेंडूमागे धावलेला तरुण कुत्रा घरी येऊन शांत होण्याऐवजी अधिक उसळतो, असे अनेकदा दिसते, आणि दर आठवड्याला त्याचा दम वाढत जातो. नाकाला आणि डोक्याला दिलेले काम त्यापेक्षा लवकर थकवते. रोजच्या फेरीतला काही वेळ कुत्र्याच्या मर्जीने चालावा. त्याला जिथे हुंगायचे आहे तिथे हवे तेवढे थांबू द्यावे. एक वेळचे जेवण भांड्यात न देता गवतावर किंवा जाड सतरंजीच्या घड्यांमध्ये विखरून द्यावे. घरात खाऊ लपवून ‘शोध’ म्हणावे. तोंडाला काम हवे असलेल्या कुत्र्याबरोबर दोरीची रस्सीखेच खेळावी. मधूनमधून ‘सोड’ म्हणून खेळ थांबवावा आणि पुन्हा सुरू करावा, म्हणजे चौथ्या पायरीचा सरावही त्यातच होतो.

झोपेकडे मात्र फार कमी जण लक्ष देतात. लहान पिल्लू दिवसातले १८ ते २० तास झोपते. झोप अपुरी राहिली की ते चिडचिड्या मुलासारखे होते, जे दिसेल ते चावत सुटते, आणि आपण त्याला आणखी खेळवतो, ज्याने ते आणखी बिघडते. तास-दीड तास जागे असलेल्या पिल्लाची चावाचावी अचानक वाढली, तर त्याला शांत, अंधारलेल्या जागी चघळायचे काही देऊन झोपू द्यावे.

एकटेपणाची भीती असेल तर

ही गोष्ट मी मुद्दाम वेगळी मांडत आहे, कारण वरच्या पायऱ्या इथे पुरत नाहीत. कंटाळलेला कुत्रा आणि घाबरलेला कुत्रा दोघेही सोफा फाडतात, पण बाहेर पडताना मोबाइल किंवा कॅमेरा चालू ठेवून गेले तर फरक स्पष्ट दिसतो. कंटाळलेला कुत्रा आधी झोपतो, मग उठून आळोखेपिळोखे देतो आणि उद्योग शोधतो. घाबरलेला कुत्रा बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच येरझाऱ्या घालू लागतो, धापा टाकतो, लाळ गाळतो, रडतो, दार उकरतो, कधी जागेवरच लघवी करतो, आणि समोर ठेवलेल्या आवडत्या खाऊला तोंडही लावत नाही.

अशा कुत्र्याला सवय लावण्याची पद्धत संथ आहे. किल्ल्या उचलणे, बूट घालणे, पिशवी खांद्याला लावणे या निघण्याच्या खुणा दिवसातून काही वेळा कराव्यात आणि कुठेही न जाता परत बसावे, म्हणजे त्या खुणांचा धसका ओसरतो. त्यानंतर दाराबाहेर पाऊल टाकून कुत्रा अस्वस्थ होण्याच्या आतच परतावे. सुरुवातीला हे पाच-दहा सेकंद असतील. तो निवांत राहिला तरच वेळ वाढवावी, अस्वस्थ झाला तर पुढच्या वेळी ती कमी करावी, आणि वेळ दर खेपेला वाढवत न जाता मध्येच छोट्या फेऱ्याही ठेवाव्यात. हा सराव चालू असेपर्यंत त्याला सहनशक्तीपलीकडे एकटे ठेवायची वेळ येऊ नये म्हणून घरातले दुसरे कोणी, शेजारी किंवा परिचित यांची मदत घ्यावी. हे अवघड आहे हे मला ठाऊक आहे, पण सकाळी दहा सेकंदांचा सराव आणि दुपारी पाच तासांचा एकांत असे चालले तर सरावाचा सगळा उपयोग धुऊन जातो. भीती तीव्र असल्यास पशुवैद्य फ्लुऑक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिनसारखी औषधे सुचवतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती सरावाच्या जोडीनेच द्यायची असतात. त्यात कमीपणा मानू नये.

कडू फवाऱ्याबद्दल थोडक्यात

न चावण्यासाठी वस्तूंवर मारायचे कडू फवारे मिळतात. काही कुत्र्यांवर ते काम करतात, काहींना ती चव चालते. कोपऱ्यात मारून डाग पडत नाही ना ते पाहावे, आणि वास उडतो म्हणून तो पुन्हापुन्हा मारावा लागतो हे लक्षात ठेवावे. विजेच्या वायरीसाठी त्यावर विसंबू नये. तिखट, मिरची किंवा झोंबणारा कोणताही घरगुती लेप वापरू नये. त्याने डोळे, नाक व तोंड पोळते आणि शिकणे काहीच होत नाही.

वस्तू गिळली असेल तर

बॅटरी, विषारी पदार्थ, औषधे, सुई किंवा धारदार वस्तू गिळल्याची शंका असेल, तर लक्षणांची वाट न पाहता लगेच पशुवैद्याला फोन करावा आणि वेष्टन किंवा उरलेले तुकडे सोबत न्यावेत. घरी मिठाचे पाणी किंवा अन्य काही पाजून उलटी करवू नये. मिठाने स्वतंत्र विषबाधा होऊ शकते, आणि बॅटरी, दाहक द्रव किंवा टोकदार वस्तू परत वर येताना पुन्हा इजा करते. कापड, स्पंज, रबर किंवा फळाची मोठी बी गिळली असेल, तर सुरुवातीला कुत्रा अगदी नेहमीसारखा दिसू शकतो. पुढच्या काही दिवसांत वारंवार उलट्या, अन्न नाकारणे, पोटाला हात लावू न देणे, पाठ कमानीसारखी वाकवणे, पुढचे पाय खाली टेकून मागचा भाग उंच ठेवून उभे राहणे, शौचाला कुंथणे किंवा मलूलपणा, यांपैकी काही दिसले तर ती तातडीची वेळ समजावी. तोंडातून किंवा गुदद्वारातून धागा लोंबताना दिसल्यास तो ओढू नये. आत दुसरे टोक अडकलेले असेल तर ओढल्याने आतडे कापले जाते.

वायर चावून झटका बसला असेल, तर कुत्र्याला हात लावण्याआधी मुख्य स्विच बंद करावा. नंतर तो उठून चालू लागला तरी त्याच दिवशी त्याला तपासून घ्यावे, कारण फुप्फुसात पाणी साचण्याचा धोका काही तासांनंतरही उद्भवतो.

कुत्रा माती, दगड, कापड, कागद असे न खाण्याचे पदार्थ सातत्याने गिळत असेल, तर तो शिकवणीचा प्रश्न नसून तपासणीचा असू शकतो. रक्तक्षय, आतड्यांचे विकार, जंत आणि भूक वाढवणारी काही औषधे, उदाहरणार्थ स्टेरॉइड, ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत.

सहावी पायरी : मोकळीक टप्प्याटप्प्याने वाढवा

दोन आठवडे काही कुरतडले नाही म्हणून सगळ्या घराची दारे उघडली जातात आणि तिसऱ्या आठवड्यात गादी फाटते, हा क्रम मी अनेक घरांत पाहिला आहे. मोकळीक खोलीखोलीने द्यावी. एका खोलीत, तुम्ही समोर असताना, साधारण महिनाभर काहीही गैर घडले नाही, तर त्याच खोलीत त्याला पाच मिनिटे एकटे ठेवून तुम्ही शेजारच्या खोलीत जावे. तेही साधले की पंधरा मिनिटे, मग अर्धा तास. त्यानंतरच घराबाहेर जाऊन यावे, आणि बाहेर जाण्याआधी त्याचे फिरणे, शी-शू आणि जेवण झालेले असावे व पुढ्यात भरलेले खेळणे असावे. हे जमू लागले की दुसरी खोली उघडावी. पाहुणे येणे, घर बदलणे, घरात बाळ येणे किंवा कामाच्या वेळा बदलणे अशा काळात एक टप्पा मागे जाऊन फाटक पुन्हा बसवणे शहाणपणाचे ठरते.

मध्येच एखादी वस्तू फाटली, तर सगळे वाया गेले असे समजू नये. वही उघडावी, शेवटच्या चार दिवसांत काय बदलले ते पाहावे, मोकळीक एका खोलीने कमी करावी, आणि तिथून पुन्हा महिनाभर मोजायला सुरुवात करावी.